आधी पान उलटून बघा

माझ्या भावाची दिंडोरी तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की त्याचा फोन दिवसभर वाजत असतो, कारण तो बागायतदारांच्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे आणि तिथली निम्मी माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. गेल्या हंगामात मी माहेरी गेले होते, तेव्हा संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने मला एक प्रश्न वाचून दाखवला. निफाडकडच्या कुणीतरी पानाचा फोटो टाकला होता. पानावर पिवळट डाग आणि खाली तीन शब्द, "काय मारू सांगा." दहा-पंधरा मिनिटांत पंचवीसेक उत्तरं आली. कुणी औषधाचं नाव लिहिलं, कुणी डोस लिहिला, एकाने तर "डोळे झाकून हेच मारा" असं लिहिलं. मग एका वयस्क बागायतदाराचा मेसेज आला : "छाटणी कधीची? किती दिवसांचा प्लॉट? आठ दिवसांत काय काय मारलंय? आणि पान उलटं करून फोटो टाका."

पान उलटं केलं तर मागची बाजू स्वच्छ. डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, असता तर दमट हवेत तिथे पांढरी बुरशी दिसायला हवी होती. आधीच्या फवारण्या विचारल्यावर उलगडा झाला. दोन औषधं एकत्र करून मारली होती आणि त्याचा चटका पानांना बसला होता. आलेली बहुतेक उत्तरं डाऊनीची होती. त्यातलं एखादं मारलं असतं, तर भाजलेल्या पानावर आणखी औषध गेलं असतं आणि खर्च झाला असता तो वेगळाच.

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. गेली सहा-सात वर्षं फेसबुकवरच्या दोन-तीन ग्रुपांवर आहे. तिथे बागेचे प्रश्न नसतात, घरचे असतात. बाळ रात्री का रडतं, घरमालक डिपॉझिट परत देत नाही, सासूबाईंना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय ते करावं का, नवरा घरात बोलतच नाही, मुलीने दहावीनंतर काय घ्यावं. अशा शेकडो प्रश्नांना मी उत्तरं दिली आहेत, आणि त्यातली बरीचशी पान न उलटता दिली आहेत. अनोळखी माणसाला सल्ला देताना नेमकं काय घडतं, तो कुठे कामाला येतो आणि कुठे घात करतो, हे मला जेवढं समजलं तेवढं इथे मांडते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण" ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. पण २०१४ साली इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. जोडीदाराने फसवलं अशी कल्पना करायला त्यांनी लोकांना सांगितलं. काहींना ती स्वतःबद्दल करायची होती, काहींना मित्राबद्दल. मित्राच्या बाबतीत लोकांचा विचार जास्त शहाणपणाचा निघाला : आपल्याला सगळं माहीत नाही हे त्यांना आठवत होतं, समोरच्याची बाजू दिसत होती, मधला मार्ग सुचत होता. स्वतःच्या बाबतीत हे सगळं कमी पडत होतं. म्हणजे लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा माणूस ढोंगी असतोच असं नाही. दुसऱ्याचा गुंता लांबून दिसतो म्हणून तो नीट दिसतो, एवढंच. स्वतःच्या प्रश्नाकडे थोडं लांबून बघायला सांगितल्यावर त्या लोकांचाही हा फरक मिटला.

अनोळखी माणसाचा दुसरा फायदा असा की त्याला आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी माहीत असतं. आपली बहीण, आपली मैत्रीण, शेजारच्या काकू, यांना साधारण आपल्यालाच ठाऊक असलेल्या गोष्टी ठाऊक असतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात हे नोकरीच्या उदाहरणाने दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले. बाकीच्यांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. सातपूरच्या बाईला मालेगावच्या बाईकडून एखाद्या सरकारी योजनेचा कागद कुठे मिळतो ते कळतं, ते याच कारणाने.

आणि तिसरा फायदा सगळ्यांत मोठा. काही प्रश्न ओळखीच्या माणसाला विचारताच येत नाहीत. आपल्याकडे हे फार आधी ओळखलं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले आणि लैंगिक प्रश्नांवरच्या वाचकांच्या पत्रांना त्यात छापून उत्तरं देत राहिले. घरात कुणासमोर उच्चारता येणार नाही ते लोक त्यांना पत्रात लिहीत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आज रात्री अकरा वाजता, फोटो नसलेल्या खात्यावरून, एखादी बाई "कुणाला सांगू नका पण" असं लिहिते, तेव्हा मला ती पत्रं आठवतात. ती गरज खरी आहे. म्हणूनच उत्तर देणाऱ्याची जबाबदारीही मोठी आहे.

आता उत्तर देणाऱ्याकडे येऊ. सल्ला दिल्यावर बरं का वाटतं? कारण त्याने आपल्यालाच बळ येतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की सल्ला देणाऱ्याला आपल्या हातात सत्ता असल्याची भावना येते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १,९८२ शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या काहींना लहान विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाबद्दल सल्ला लिहायला सांगितलं. त्या सत्रात सल्ला लिहिणाऱ्या मुलांचेच गुण थोडे वाढले. मला हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. औषध ज्याने लिहून दिलं त्यालाच लागू पडलं, अशी ही गोष्ट आहे. आपल्याला बरं वाटलं म्हणून विचारणाऱ्याचंही बरं झालं असेल, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं.

तपशील बदलून सांगते. एका बाईंनी लिहिलं होतं : वडील वारले, दोन भाऊ आहेत, मी एकटी बहीण. भाऊ म्हणतात हक्कसोडपत्रावर सही कर. करू का?

या विषयाची मला माहिती होती. मी लगेच लिहिलं की अजिबात करू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात हेही स्पष्ट केलं की दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही. शेवटी लिहिलं, "आपल्या पिढीने तरी हे थांबवायला हवं." उत्तर अचूक होतं. भराभर लाइक आले. खाली बायकांनी लिहिलं, सही करणारी बाई म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. त्या बाई पुन्हा काही बोलल्या नाहीत.

तीनेक आठवड्यांनी त्यांचा मला वेगळा मेसेज आला. तो मी अजून जपून ठेवला आहे. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, हक्क मला माहीत होता. आई धाकट्या भावाकडे असते. तो म्हणतो सही नाही केलीस तर आईला तूच घेऊन जा. माझ्याकडे सासरे अंथरुणावर आहेत. सही केली तर पुढे तो आईला बघेल का, आणि नाही बघितलं तर मी काय करू शकते, हे मला विचारायचं होतं. पण सगळ्यांचं वाचून वाटलं, मी सही करणार म्हटलं तर मला मूर्ख म्हणतील. म्हणून विचारलंच नाही." सही त्यांनी करून टाकली होती.

मी त्या जुन्या चर्चेत पुन्हा गेले. चाळीस-पन्नास उत्तरांत एकीने विचारलं होतं, "आई आहेत का? सातबाऱ्यावर आईंचं नाव लागलं का?" त्या प्रश्नाला चार लाइक होते आणि तो माझ्या लांबलचक उत्तराच्या खाली बुडून गेला होता.

तोच पान उलटणारा प्रश्न होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा पत्नी ही मुलामुलींच्या बरोबरीची वारस असते. मुलीने हक्क सोडला तर तिचा स्वतःचा सुटतो, आईचा नाही. वारसनोंदीत आईचं नाव लागलं असेल, फेरफार मंजूर होऊन ते सातबाऱ्यावर आलं असेल, तर आईच्या हिश्श्याचं काहीही करताना आईची सही लागते. म्हणजे आईच्या हातात काहीतरी उरतं. शिवाय आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. मूल सांभाळत नसेल तर त्याखाली आई निर्वाहखर्चासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकते. त्या बाईंना हे हवं होतं. त्यांचा प्रश्न आईचा होता आणि मी त्याला जमिनीचं उत्तर दिलं. सही करू नका हे माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्यातून नुकसान एवढं झालं की खरा प्रश्न विचारायची त्यांची वाट बंद झाली. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की ते फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, म्हणून तर ती वाट उघडी राहायला हवी होती.

यात गंमत नाही, पण नवल आहे. समोरासमोर आपण ही चूक सहसा करत नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाबाहेर कुणी "दादा, गाडी कुठून सुटते?" विचारलं तर कुठलाही नाशिककर आधी "कुठली गाडी?" असं विचारतो. जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, मुंबई नाक्यावरचं महामार्ग स्थानक, एवढे स्टँड असताना गाव माहीत असल्याशिवाय उत्तर देता येत नाही हे अंगवळणी पडलंय. समोर माणूस दिसतो, त्याच्या हातातली बॅग दिसते, कडेवरचं लेकरू दिसतं. फोनवर यातलं काही दिसत नाही. तीन ओळी दिसतात, आणि राहिलेल्या जागा आपण आपल्या आयुष्यातून भरून काढतो. विचारणारीची सासू म्हणजे आपलीच सासू होते. तिचा भाऊ म्हणजे आपला भाऊ. मला सख्खा भाऊ आहे, त्याच्याशी जमिनीवरून कधी वाकडं झालेलं नाही आणि आई आमची दोघांचीही लाडकी होती. माझ्या उत्तरात हे सगळं न लिहिता आलेलं होतं.

म्हणून मी सल्ल्याची व्याख्या आता अशी करते : सल्ला म्हणजे एका ठिकाणी खरी ठरलेली गोष्ट, तिच्या अटींसकट. अटी गाळल्या की उरतं ते नुसतं औषधाचं नाव. "मी नोकरी सोडली आणि फार बरं झालं" हे वाक्य खरं असेलही, पण नवऱ्याची पगारी नोकरी होती, घराचा हप्ता संपला होता आणि आई खालच्या मजल्यावर राहत होती, हे त्याला जोडलं नाही तर ऐकणारीसाठी ते वाक्य धोक्याचं आहे. भावाच्या ग्रुपवर कुणी अनुभवी माणूस फवारणी सांगतो तेव्हा तो वाण सांगतो, प्लॉटचे दिवस सांगतो, वेल वाढीच्या कुठल्या अवस्थेत आहे, पोंगा की दोडा की फुलोरा, ते सांगतो, माल लोकलला जाणार की एक्स्पोर्टला तेही विचारतो. रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांनाही अशी छाटणीची तारीख असते. लग्नाला किती वर्षं झाली, घर कुणाच्या नावावर आहे, हातात स्वतःचे पैसे आहेत का, रात्री बारा वाजता फोन उचलेल असं जवळ कोण आहे. एवढं माहीत झालं की निम्मी उत्तरं आपोआप गळून पडतात.

यावर कुणी म्हणेल, एकाचं चुकलं तरी पन्नास जणांची मतं आली की सरासरीत खरं सापडतं. यात तथ्य आहे, पण ते एका विशिष्ट प्रकारच्या प्रश्नापुरतं. १९०७ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनातली गोष्ट प्रसिद्ध केली. एका बैलाचं मांस किती भरेल याचा अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहिला होता. ७८७ चिठ्ठ्यांमधला मधला आकडा १,२०७ पौंड निघाला आणि खरं वजन भरलं १,१९८ पौंड. थक्क करणारं आहे. पण तिथे प्रत्येकाने आपापली चिठ्ठी वेगळी लिहिली होती, बैल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता, आणि उत्तर एक आकडा होता. आपल्याकडे तिन्ही गोष्टी नसतात. बैल कुणी पाहिलेला नसतो, आणि प्रत्येक जण आधीची चिठ्ठी वाचून आपली लिहितो.

आधीची चिठ्ठी वाचल्याने किती फरक पडतो, हे २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगाने मोजलं. बातम्यांवर लोकांनी लिहिलेल्या एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी लिहिल्या लिहिल्या स्वतःच एक पसंती देऊन टाकली, मजकूर न बघता, चिठ्ठी टाकून निवडल्यासारखी. फक्त एक. तेवढ्याने त्या प्रतिक्रियांचं शेवटचं गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं. मजकूर तोच होता. माझ्या हक्कसोडपत्राच्या उत्तराचं हेच झालं असणार. मी पहिल्या पाच मिनिटांत लिहिलं आणि ठामपणे लिहिलं. पुढच्या सगळ्यांनी त्याच रेषेवर लिहिलं. सातबाऱ्याबद्दल विचारणारी उशिरा आली.

द्राक्षवाल्यांनी याची किंमत मोजलेली आहे. वेलीची वाढ रोखायला क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, वापरायची रीत होती. सगळेच वापरतात म्हणून वापरत. २०१० मध्ये त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. बागेपुरता तो सल्ला उपयोगी पडत होता. तो माल कोण घेणार आहे आणि त्याचे नियम काय, ही अट मात्र एकमेकांना सांगताना मागे पडली होती. आता एक्स्पोर्टच्या बागेत औषधाचं नाव निघालं की पहिला प्रश्न लेबल क्लेमचा, म्हणजे त्या पिकावर ते वापरायची मंजुरी आहे का याचा, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं याचा असतो.

लिहिण्याच्या सुराबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण मराठीत ते फार नाजूक आहे. "मग आधी कळलं नव्हतं का?" हे वाक्य माझी आई म्हणायची तेव्हा पाठीवर हात असायचा. तेच वाक्य पडद्यावर अनोळखी बाईकडून आलं तर चपराक होते. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर हेच तपासलं. आपला उपरोध वाचणाऱ्याला कळेल असं लिहिणाऱ्यांना ७८ टक्के वेळा वाटत होतं. वाचणाऱ्यांनी बरोबर ओळखलं ते ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. आपल्या कानात आपला आवाज वाजत असतो, समोरच्याला फक्त अक्षरं मिळतात.

आणि आपल्याकडे त्या अक्षरांत तू-तुम्ही असतं. वयाने लहान वाटली म्हणून अनोळखी मुलीला "तू" लिहिणं कुणाला मायेचं वाटतं, कुणाला उर्मट. मी पहिल्या उत्तरात "तुम्ही" लिहिते, समोरून "ताई, मला तू म्हणा" आलं की मग "तू" लिहिते. "अगं" लिहिण्याआधी दहादा विचार करते. "करायलाच हवं" आणि "करून बघता येईल" यात माझ्यासाठी एका क्रियापदाचा फरक आहे. रडून नुकताच फोन हातात घेतलेल्या बाईसाठी पहिलं वाक्य हुकूम आहे आणि दुसऱ्यात तिला जागा आहे.

काही प्रश्नांना मत द्यायचंच नाही, हे मी उशिरा शिकले. बाळाच्या औषधाचा प्रश्न त्यातला पहिला. तापाच्या औषधाचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो, त्यामुळे "माझ्या मुलाला अर्धा चमचा दिला होता" हे उत्तर दुसऱ्या बाळासाठी निरुपयोगी आहे आणि कदाचित घातक. चार महिन्यांचं बाळ खोकतंय म्हटलं की कुणीतरी "मध चाटवा" लिहितंच. आजीच्या काळापासून चालत आलंय, लिहिणारीच्या मनात मायाच असते. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान आतड्यात बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. असं उत्तर दिसलं की मी गप्प बसत नाही. लिहिणारीला दुखावल्याशिवाय, कारण देऊन, लगेच त्याखाली लिहिते आणि आज डॉक्टरांना दाखवा म्हणते.

मारहाणीचा प्रश्न याहून कठीण. "असल्या माणसाजवळ एक मिनिट राहू नकोस, घर सोड" असं लिहायला बोटं शिवशिवतात. मी लिहिलेलंही आहे. पण बाई घर सोडते ती वेळच अनेकदा सगळ्यांत धोक्याची असते, आणि तो धोका उत्तर लिहिणारीला नसतो. आता मी आधी एवढंच विचारते की तुम्ही या क्षणी सुरक्षित आहात का, आणि हा फोन दुसरं कुणी बघतं का. मग कामाच्या गोष्टी. ११२ हा तातडीचा नंबर, १८१ महिला हेल्पलाइन. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या, यांचे फोटो विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेवता येतात. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नाशिकला त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. फोनवर विचारायचं तर १५१००. हे लिहिल्यावर ती बाई काय करते ते तिच्यावर सोडायचं. हे सोडणं मला सगळ्यांत जड जातं.

जगावंसं वाटत नाही असं कुणी लिहिलं तर तिथे "सकारात्मक राहा" लिहू नये. मी ऐकतेय एवढं सांगावं, एकटं सोडू नये, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यावा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पैशांच्या गुंतवणुकीबद्दल एकच सांगते. शेअर कुठला घ्यावा हे अनोळखी माणसाने आपणहून सांगितलं तर घेऊ नये, आणि फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तासाभरात फोन करावा, कारण जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता जास्त.

सल्ला देणाऱ्या कितीतरी जणी मनाला लावून घेतात : एवढं समजावलं तरी तिने ऐकलंच नाही. यानिव आणि क्लाइनबर्गर यांनी २००० साली दाखवलं की माणूस दुसऱ्याच्या मतापेक्षा स्वतःच्या मताला सहसा जास्त वजन देतो, कारण स्वतःच्या मतामागची कारणं त्याला आतून माहीत असतात, दुसऱ्याची नसतात. तिने ऐकलं नाही यात तिचा हट्ट असेलच असं नाही. तिला पानाची मागची बाजू दिसत असते. म्हणून कारणं लिहावीत, निकाल लिहू नये. कारणं तिला तिच्या घरात लावून बघता येतात.

हक्कसोडपत्रवाल्या बाईंना मी उत्तर लिहिलं तेव्हा माफी मागितली आणि २००७ च्या कायद्याबद्दल सांगितलं. आईचं नाव सातबाऱ्यावर आहे की नाही ते आधी ऑनलाइन बघा, नसेल तर तलाठ्यांकडे वारसनोंदीचं काय झालं ते विचारा, असं लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. नाव होतं. "आईला सांगितलं," त्यांनी लिहिलं, "की तिने मला विचारल्याशिवाय कुठे सही करायची नाही. ती म्हणाली, मला कुणी कधी सांगितलंच नाही की माझंही नाव आहे."

परवा रात्री एका मुलाने विचारलं होतं, नाशिकला नोकरी लागलीय, खोली कुठे बघू? मी पाहिलं तोपर्यंत सिडको, पाथर्डी फाटा, अंबड लिंक रोड अशी नावं धडाधड आली होती. मीही सिडको लिहिणारच होते. त्याऐवजी विचारलं, "कंपनी नेमकी कुठे आहे? शिफ्ट आहे का? गाडी आहे का?" त्याने लिहिलं, "मुसळगाव एमआयडीसी. नाइट पण आहे. गाडी नाही."

मुसळगाव म्हणजे सिन्नर. मी लिहिलं, सिन्नरमध्येच बघा, कंपनीची बस कुठून कुठपर्यंत असते ते आधी एचआरला विचारा, आणि नाशिकमध्येच राहायचं असेल तर नाशिकरोड सोडून पुढे येऊ नका. तोपर्यंत सिडकोतल्या एका काकूंनी त्याला खोलीचा फोटोही पाठवून दिला होता.